‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नकोस

अगं बायो, आधी डोळे पूस आणि चहा टाक. काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते, हात फेसाने भरलेले, त्यामुळे धड बोलता आलं नाही. तूही बोलत कमी आणि मुसमुसत जास्त होतीस. मला कळलं ते एवढंच: विमान छान उडवलंस, वळणं नीट आली, उतरणंही बरं झालं, पण टॉवरमधला माणूस रेडिओवर भरभर काहीतरी बोलला, तुझी दातखीळ बसली आणि शेवटी इन्स्ट्रक्टरने बटण दाबून उत्तर दिलं. परतताना गाडीत रडलीस. वर मला म्हणालीस, ‘ताई, मला इंग्रजी येत नाही असं वाटलं गं.’

आठ वर्षं या देशात नोकरी करतेस, मीटिंगमध्ये साहेबाचा मुद्दा त्याच्याच भाषेत खोडून काढतेस, आणि तुला इंग्रजी येत नाही? अगं, ते इंग्रजी नव्हेच. इंग्रजीतले दोन-तीनशे शब्द घेऊन बनवलेली ती एक वेगळीच बोली आहे. माझ्या फ्लाइंग क्लबमधला एक मुलगा इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. पहिले कितीतरी तास त्याच्याही तोंडून ‘अं... अं...’ एवढंच निघायचं. तेव्हा ते दुःख सोड. तुझी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मला चांगली ओळखीची आहे, कारण ती आपल्या दोघींच्या एकाच आजोळातून आलेली आहे. सांगते.

आधी तू जागा कुठली निवडलीस ते बघ. पालो आल्टो! धावपट्टी जेमतेम 2400 फुटांची, एका अंगाला खाडी, शेजारी मॉफेटचा मोठा विमानतळ, पलीकडे सॅन होजे, आणि डोक्यावर सॅन फ्रान्सिस्कोचं क्लास ब्राव्हो, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीचं परवानगीशिवाय न शिरायचं आकाश. आजीच्या माजघरातली मडक्यांची उतरंड आठवते? ती उलटी करून ठेव, लहान मडकं तळाशी आणि वर मोठमोठी होत गेलेली. हे ब्राव्हो तसं आहे. विमानतळाच्या जवळ ते जमिनीला टेकतं, दूर जावं तसा त्याचा तळ उंच उंच होत जातो, आणि माथा मात्र सगळीकडे 10,000 फुटांवर. चार्टवर 100 आणि त्याखाली 40 लिहिलं असेल तर तिथे ते 4,000 ला सुरू होऊन 10,000 ला संपतं. आपण छोटी माणसं त्या मडक्यांच्या काठाखालून सरपटत जातो आणि वरून मोठी विमानं एकामागे एक सॅन मटेओ पुलाकडे उतरत असतात. एखादी पोरगी ओसाड माळरानावर शिकली असती तर तिला पन्नास तासांत जेवढं रेडिओवर बोलावं लागलं नसतं, तेवढं तुला पाच तासांत बोलावं लागतंय. म्हणजे तू कच्ची नाहीस. तुला भर बाजारात सायकल शिकवतायत.

आता माझी गोष्ट ऐक. ही मी तुझ्या भावजींनाही बरीच उशिरा सांगितली.

माझी एकटीची तिसरी-चौथी फेरी असेल. विमानतळाचं नाव नको. मी डाउनविंडला होते, म्हणजे धावपट्टीला समांतर, उलट दिशेने. आणखी थोडं पुढे जाऊन बेसला वळायचं, मग फायनल, मग उतरायचं. फ्रिक्वेन्सीवर नुसती झुंबड. टॉवरने मला सांगितलं, डाउनविंड लांबव, बेसला कधी वळायचं ते मी सांगेन. माझ्या कानात काय शिरलं? माझा नंबर आणि शेवटचा ‘बेस’. मधलं सगळं कुठेतरी खरखरीत विरलं. आणि मी काय म्हणावं? ‘रॉजर.’

म्हटलं आणि वळले. समोरून लांबून सरळ फायनलला येणारं, माझ्या दुप्पट वेगाचं एक विमान होतं, ज्याच्यासाठी मला थांबवून ठेवलं होतं. टॉवरचा आवाज चढला नाही, पण त्यातली सगळी माया आटली. मला गो अराउंड सांगितलं. वर चढले, फेरी मारली, पुन्हा आले, उतरले. विमान बांधताना हात इतके थरथरत होते की दोराची गाठ बसेना.

इन्स्ट्रक्टर कुंपणाशी उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुला नेमकं काय ऐकू आलं?’ मी म्हटलं, ‘बेस.’ ‘मग रॉजर का म्हणालीस?’

बायो, या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या क्षणी कळलं आणि लाजेने कानशिलं तापली. टॉवरमधल्या माणसाला दोनदा सांगायचा त्रास नको, म्हणून मी रॉजर म्हणाले होते.

कळलं? आपल्या घरात ‘पुन्हा सांगा’ म्हणणं म्हणजे लक्ष नव्हतं याची कबुली. शाळेत बाईंना दुसऱ्यांदा विचारलं की ‘कान कुठे होते?’ आजोबांनी काही आणायला सांगितलं की नीट ऐकू आलं नाही तरी मान हलवून निघायचं आणि दुकानात उभं राहून आठवत बसायचं, गूळ म्हणाले की गुलाल. मोठ्या, कामात असलेल्या, अधिकाराच्या आवाजाला उलट विचारायचं नाही, हे आपल्या हाडांत भिनलंय. मावशीच नेहमी म्हणते ना, भीड भिकेची बहीण? आणि तिनेच आपल्याला भिडस्त केलं, ही गंमत वेगळी.

त्या भिडेपायी काय होऊ शकतं त्याचा एक दाखला न्यूयॉर्कचा आहे. 25 जानेवारी 1990. कोलंबियातून आलेलं आव्हियांका कंपनीचं बोइंग 707, फ्लाइट 52. हवा खराब, गर्दी तुंबलेली, त्याला एक तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं. इंधन संपत आलं. पहिल्या खेपेला उतरणं जमलं नाही. कॅप्टनने शेजारच्या सहवैमानिकाला सांगितलं, त्यांना कळव आपण इमर्जन्सीत आहोत. आणि त्याने रेडिओवर काय कळवलं? पुन्हा प्रयत्न करतो, आणि इंधन संपत चाललंय, असं. इमर्जन्सी हा शब्द उच्चारलाच नाही. मेडे नाही. कंट्रोलरच्या कानाला ते नेहमीच्या कुरकुरीसारखंच वाटलं असणार, कारण त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होत होतं. विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक नावाच्या गावात टेकडीवर पडलं. 158 पैकी 73 माणसं गेली. फार मोठी आग लागली नाही, लागायला इंधनच नव्हतं.

त्या सहवैमानिकाला मी नावं ठेवत नाही. त्याच्या जागी मला मीच दिसते. परकी भाषा, समोर घाईतला, ठसक्यात बोलणारा माणूस, आणि आपण विनंतीच्या सुरात, आडून सुचवून, समजून घ्यावं अशी आशा धरून बोलतोय. आपल्याकडे पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणत नाहीत, ‘शेवटची बस साडेनऊची असते, नाही का?’ असं म्हणतात. घरात ते शोभतं. रेडिओवर आडून बोललेलं कुणी समजून घेत नाही. तिथे तेवढी फुरसत कुणालाच नसते.

म्हणून आता तीन वाक्यं तोंडात बसव. पहिलं, ‘से अगेन’. तेवढंच. ‘सॉरी, सो सॉरी, कुड यू प्लीज’ वगैरे नको, त्या सॉरीने दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते. अर्धं कळलं असेल तर कुठला भाग पुन्हा हवा ते सांग: ‘से अगेन हेडिंग’. दुसरं, ‘अनेबल’. टॉवर म्हणाला लवकर वळून उतर, आणि तू अजून फार उंच आहेस, वेग जास्त आहे, जमणार नाही असं पोटात वाटतंय, तर अनेबल. कारण सांगायला मागाहून वेळ मिळतो. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की ‘बघू’ म्हणतात ना, ते ‘बघू’ तिथे नाही. तू ‘बघू’च्या सुरात हो म्हणालीस की तो तुझ्या मागच्या चार विमानांची मांडणी त्या होवर करून मोकळा होतो. विमानात शेवटचा शब्द तुझा, टॉवरचा नाही. विमान-नियमावलीतलं 91.3 काढून वाच. आणि 91.123 तर मी तुझ्या फ्रिजवर चिकटवणार आहे: सूचनेबद्दल संशय असेल तर ताबडतोब विचारून घ्यायचं, असा चक्क नियम आहे. ज्या गोष्टीची तुला लाज वाटते ती तुझ्यावर कायद्याने बंधनकारक आहे, बाई!

तिसरं वाक्य तुला सगळ्यात जड जाईल. पहिल्या हाकेच्या शेवटी ‘स्टुडंट पायलट’ जोडायचं. तू मागे म्हणाली होतीस की तसं म्हणायला कमीपणा वाटतो. का गं? आपल्याकडे गाडीला मागे लाल ‘एल’ लावतात, तो काय कमीपणा म्हणून? सरकारी मार्गदर्शक पुस्तकातच तसं सांगायला सुचवलंय. ते दोन शब्द ऐकले की कंट्रोलर सावकाश बोलतो, एका दमात पाच सूचना देत नाही, आणि तुझ्या आसपासची विमानं जरा लांबून नेतो. मला लायसन्स मिळून बरीच वर्षं झाली, तरी अनोळखी विमानतळावर गेले की मी अजून ‘अनफमिलिअर’ म्हणते. कुणी हसलं नाही आजवर. हसलं असेल तर बटण सोडून हसलं असेल.

आणि हो, ‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘ऐकलं’ एवढाच. ‘करते’ नव्हे, ‘हो’ तर अजिबातच नव्हे. करते म्हणजे ‘विल्को’, हो म्हणजे ‘अफर्मेटिव्ह’. पण याहून चांगली सवय म्हणजे जे सांगितलं ते आपल्या नंबरासकट परत म्हणून दाखवायचं. धावपट्टीच्या अलीकडे थांब, होल्ड शॉर्ट, असं सांगितलं तर ते परत म्हणावंच लागतं, रॉजरवर भागत नाही. त्या दिवशी मी ‘टर्निंग बेस’ एवढं जरी म्हटलं असतं तरी त्याने तिथल्या तिथे मला अडवलं असतं. परत म्हणणं हे पाठांतर नव्हे, वाण्याने ‘दोन किलो साखर, पाव किलो रवा, बरोबर?’ असं विचारावं तसं ते आहे. चूक तिथेच सापडते.

आता हाक कशी मारायची. वाड्याच्या दारात आलेला मुलगा कसं सांगायचा? ‘काकू, मी खालच्या आळीतल्या जोश्यांचा, पुढच्या दारी उभा आहे, विरजण हवंय.’ झालं. कुणाला हाक मारतेयस, तू कोण, कुठे आहेस, काय हवंय. याच क्रमाने. टॉवरला हाक मारण्याआधी एटिस, म्हणजे विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐक आणि तिचं अक्षरही सांग, म्हणजे वारा-बिरा त्याला पुन्हा सांगावा लागणार नाही. रडारवरून सगळ्या परिसराचं आकाश सांभाळणारा नॉरकॅल अप्रोचचा कंट्रोलर फार गडबडीत असेल तर नुसती दारावर टकटक: ‘नॉरकॅल अप्रोच, सेस्ना अमुक-तमुक, व्हीएफआर रिक्वेस्ट.’ तो ‘गो अहेड’ म्हणाला की मग बाकीचं. आणि ठिकाण सांगताना खिडकीतून काय दिसतंय ते सांग, डंबार्टन पूल, स्टॅनफर्डची ती मैलोगणती लांब एसएलएसी प्रयोगशाळेची इमारत. खाडीतली मिठागरं मला फार आवडतात, लाल, हिरवी, तपकिरी. पहिल्यांदा वरून बघितली तेव्हा लोकलमधून दिसणारी भांडुपची मिठागरं आठवून घसा दाटला होता. पण ती इतकी पसरलेली आहेत की नुसतं मिठागर सांगून कुणाला काही बोध होत नाही. रडायला ठीक, पत्ता सांगायला नाही.

बटण दाबण्याआधी मात्र ऐक. दोन श्वास ऐक. कुणाचं वाक्य अर्धवट आहे का, कुणी कुणाच्या उत्तराची वाट बघतंय का. एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी दाबलं की नुसती किंकाळी ऐकू येते आणि दाबून ठेवणाऱ्याला तर तीही नाही. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवर लष्कराचं हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान आपटलं, 67 जण गेले, ते तू बातम्यांत बघितलंच असशील. टॉवरने हेलिकॉप्टरला ‘त्याच्या मागून जा’ असं सांगितलं होतं. पण नेमक्या त्या क्षणी हेलिकॉप्टरमध्ये बटण दाबलं गेलं, एका सेकंदाहून कमी वेळ, आणि ‘मागून जा’ हे शब्द त्यांना बहुधा ऐकूच गेले नाहीत, असं तपासात दिसलं. आणि त्याआधी त्यांनी सांगितलं होतं की समोरचं विमान दिसतंय.

हे ‘दिसतंय’ प्रकरण तुला नीट सांगायलाच हवं. कंट्रोलर म्हणतो, ‘ट्रॅफिक, टू ओ’क्लॉक, थ्री माइल्स.’ तू बघतेस, तिथे एक ठिपका असतो, आणि तू खूश होऊन ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणतेस. तो शब्द उच्चारल्यावर आणि ‘मेंटेन व्हिज्युअल सेपरेशन’ स्वीकारल्यावर त्या विमानापासून लांब राहायची जबाबदारी त्याच्या डोक्यावरून तुझ्या डोक्यावर येते. ठिपका तोच होता का? 25 सप्टेंबर 1978 ला सॅन दिएगोवर सकाळच्या लख्ख उजेडात पीएसए कंपनीचं बोइंग 727 एका सेस्ना 172 वर आपटलं. तुझ्यामाझ्या विमानाचाच प्रकार. बोइंगच्या लोकांनी आधी ‘दिसतंय’ कळवलं. मग ते विमान दिसेनासं झालं, कॉकपिटमध्ये गेलं असेल मागे अशी समजूत झाली, आणि ‘आता दिसत नाही’ असं स्वच्छ शब्दांत टॉवरला कुणी सांगितलंच नाही. सेस्नानेही दिलेली दिशा सोडली होती, न सांगता. 144 माणसं. म्हणून दिसत नसेल तर ‘लुकिंग’ किंवा ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’. दिसलं होतं आणि आता हरवलं, तर तेही सांग. त्यात शरम कसली? आकाशात समोरून येणारं विमान शेवटच्या क्षणांपर्यंत काचेवरच्या डासाएवढंच असतं.

आता ब्राव्होचं. इथे एक गोम आहे आणि ती भल्याभल्यांना नडते. पालो आल्टो क्लास डी, सॅन होजे क्लास सी. तिथे कंट्रोलरने तुझा नंबर घेऊन उत्तर दिलं की तुला आत यायची मुभा. त्याने तुझा नंबर घेऊन ‘स्टँड बाय’ म्हटलं तरीही. नुसतं ‘हाक मारणारं विमान, स्टँड बाय’ म्हणाला तर मात्र बाहेरच थांबायचं, कारण त्याने तुला ओळख दिली नाही. आणि ब्राव्होला हे काहीच चालत नाही. तिथे तू गप्पा मारत असलीस, चार आकडी स्क्वॉक कोड मिळाला असला, रडारवर दिसत असलीस, फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे रडारवरून तुझ्यावर नजर ठेवणं, चालू असलं, तरी ‘क्लिअर्ड इंटू द क्लास ब्राव्हो’ हे शब्द तुझ्या नंबरासह ऐकल्याशिवाय काठ ओलांडायचा नाही. एकदा मला नॉरकॅलच्या बाईने दिशा दिली, ती घेऊन मी निघाले, आणि बघते तर नाकासमोर ब्राव्होची भिंत. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, तिनेच पाठवलंय, तिला माहीत असेलच. विचारलं, ‘कन्फर्म क्लिअर्ड इंटू ब्राव्हो?’ उत्तर आलं, ‘निगेटिव्ह, रिमेन आउटसाइड.’ आवाजात राग नाही, काही नाही. मी वळले. एका प्रश्नाने सरकारी पत्रव्यवहार वाचला. तुझं तर अजून शिकाऊ लायसन्स, इन्स्ट्रक्टरची लॉगबुकात खास सही असल्याशिवाय एकटीने तू तिथे जायचंच नाहीस.

आणि ‘मी आपली खालून गुपचूप जाते, कुणाशी बोलायलाच नको’ असं मनात आणू नकोस. मला माहितेय, काल रात्री ते तुझ्या मनात आलं असणार. 31 ऑगस्ट 1986, लॉस एंजेलिसजवळचं सेरिटोस. एक छोटं पायपर, घरच्या माणसांना घेऊन निघालेलं, परवानगी न घेता चुकून त्या वेळच्या ब्राव्होत शिरलं. त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, उंची कळवणारा नव्हता. एरोमेक्सिकोचं डीसी-9 उतरत होतं. त्याच सुमाराला दुसरंही एक खाजगी विमान असंच आत घुसलं होतं आणि कंट्रोलर त्या वैमानिकाशी बोलण्यात गुंतला होता. विमानांतले 67 आणि खाली घरांतले 15, एकूण 82. आज ब्राव्होच्या विमानतळाभोवती 30 मैलांत उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर लागतो, 2020 पासून आपली जागा आपोआप कळवत राहणारं एडीएस-बी लागतं, मोठ्या विमानांत टक्कर टाळायचं यंत्र असतं. त्यातलं पुष्कळसं सेरिटोसनंतर आलं. तरी यंत्र ठिपका दाखवतं, ठिपक्याच्या मनात काय आहे ते तूच सांगायचंस. फ्लाइट फॉलोइंग माग. फार काम असेल तर ते नाही म्हणतील. म्हणू देत.

एक आपल्या मराठी डोक्याची खास खोड सांगते, ती तुला कुठला इन्स्ट्रक्टर सांगणार नाही. पालो आल्टोची धावपट्टी एका टोकाने 13, दुसऱ्या टोकाने 31. टॉवर म्हणाला ‘थ्री वन’. माझ्या डोक्यात त्याचं झालं ‘एकतीस’. एकतीसमध्ये एक आधी, मग तीस. हाताने निमूटपणे मांडीवरच्या कागदावर 13 लिहिलं! गाढवपणा, पण तो आपल्या पाढ्यांनी शिकवलेला गाढवपणा आहे. तेव्हापासून मी रेडिओवरचा आकडा मराठीत वळवतच नाही. थ्री ऐकलं की 3, वन ऐकलं की 1. अडीच हजार, दीड हजार हेही बंद. ‘टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड’ जसंच्या तसं. आणि तुझ्या उच्चारांची काळजी करू नको, गंमत म्हणजे रेडिओच्या नियमात तीनचा अधिकृत उच्चार ‘ट्री’ आहे. आपले गावचे मास्तर जन्मभर बरोबर बोलत होते.

पलीकडच्या माणसाचाही जरा विचार कर. नॉरकॅलची माणसं सॅक्रामेंटोजवळ मेदरला एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेली असतात. त्यांना ना खाडी दिसते, ना तुझा भेदरलेला चेहरा. फक्त एक ठिपका आणि तुझा आवाज. मी एकदा एका छोट्या टॉवरमध्ये वर जाऊन बसले होते. दुर्बीण, कागदाच्या पट्ट्या, गार झालेली कॉफी, आणि छताला टांगलेली रंगीत दिव्याची बंदूक. रेडिओ बंद पडला तर तिच्यातून हिरवा-लाल उजेड दाखवून विमान उतरवतात. तिथली बाई माझ्याशी मुलाच्या शाळेबद्दल बोलता बोलता मध्येच वळून एका विमानाला उतरायची परवानगी देई आणि पुन्हा अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच उचलून बोलायला लागे. मी विचारलं, सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? वाटलं होतं, म्हणेल नवशिक्यांचा. म्हणाली, ज्यांना कळलेलं नसतं आणि जे कळल्यासारखं बोलतात त्यांचा. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चूक होईल. माझी झाली, तुझीही होईल. कधी तुला ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन, फोन नंबर लिहून घे’ असं ऐकावं लागलं, तर आकाश कोसळलं असं समजू नकोस. नंबर लिही, आधी विमान नीट उतरव, मग इन्स्ट्रक्टरशी बोल, मग मला फोन कर. नासाची एक जागा आहे, 1976 पासून चालू, तिथे नजरचुकीने झालेली गोष्ट दहा दिवसांच्या आत स्वतःहून लिहून कळवायची असते. दंडातून बरीच सुटका होते आणि दुसऱ्या कुणाला त्यातून शिकताही येतं. मी दोनदा लिहिलंय. दुसरं कशाबद्दल ते मावशीला न सांगण्याच्या अटीवर सांगेन.

या आठवड्यात एक कर. स्वयंपाक करताना लाइव्हएटीसी लावून ठेव, पालो आल्टोचा टॉवर. कळायची धडपड करू नको, मागे चालू दे, पूर्वी आकाशवाणी चालू असायची तसं. दोन दिवसांत कुकरच्या शिट्टीतूनही तुला ‘क्लिअर्ड टु लँड’ ऐकू यायला लागेल. आणि शनिवारी माझ्याकडे ये. मी टॉवर होईन, तू जेवणाच्या टेबलाला प्रदक्षिणा घालत डाउनविंड, बेस, फायनल कर. मी मुद्दाम भरभर, तोंडात सुपारी धरून बोलणार आहे, आणि तू से अगेन म्हणेपर्यंत थालीपीठ तव्यावरून उतरणार नाही.

येताना मावशीने पाठवलेलं मेतकूट आण. दारात आलीस की बेल दाबू नकोस, फोन कर. तू कोण, कुठे आहेस, काय हवंय. आणि मी ‘स्टँड बाय’ म्हटलं, तर तुझं नाव घेऊन म्हटलं की नुसतंच, ते नीट ऐक.